धर्माची अट नाही, मग निवडून कोण येते? अमेरिकेतील सार्वजनिक पदे आणि धार्मिक अल्पसंख्याक

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमाच्या अखेरीस असे म्हटले आहे, की खासदार, राज्यांच्या विधिमंडळांचे सदस्य, प्रशासकीय अधिकारी आणि न्यायाधीश या सर्वांनी घटनेशी बांधील राहण्याची शपथ घ्यावी किंवा प्रतिज्ञा करावी. मात्र संघराज्यातील कोणत्याही पदासाठी धर्माची अट पात्रता म्हणून कधीही घातली जाऊ नये. हा मजकूर १७८७ सालचा आहे. धर्मस्वातंत्र्याचे नाव निघाले की सर्वांना आठवणारी पहिली घटनादुरुस्ती त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १७९१ मध्ये आली. मूळ घटनेत धर्माचा थेट विषय निघतो तो या एकाच तरतुदीत, आणि तोही सरकारी पद कोणाला मिळू शकते या संदर्भात.

या तरतुदीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो आधी दूर केला पाहिजे. तिने सरकारवर बंधन घातले, मतदारावर नाही. उमेदवाराचा धर्म पाहून सरकार त्याला अडवू शकत नाही. मतदार मात्र त्याच कारणाने त्याला नाकारू शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. शिवाय कोणत्याही धर्मगटाला अमुक इतक्या जागा मिळतील असे आश्वासनही तिने दिलेले नाही. अमेरिकेतील धार्मिक अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वाचा सगळा इतिहास कायद्याने मोकळे केलेले दार आणि मतदाराचे मन यांमधल्या अंतरात घडला आहे.

ही तरतूद तेव्हा किती धाडसाची होती, हे कळण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये १६७३ च्या कायद्याने सरकारी पद धारण करणाऱ्याला इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पद्धतीने प्रभुभोजनाचा विधी करणे बंधनकारक होते, म्हणजे कॅथलिक आणि इतर पंथांचे लोक आपोआप बाहेर राहत. अमेरिकेतील नव्या राज्यांनी इंग्लंडचा राजा झुगारला, पण ही रीत सोडली नाही. डेलावेअरच्या १७७६ च्या घटनेत पदाधिकाऱ्याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवर श्रद्धा असल्याचे जाहीर करायचे होते. पेनसिल्व्हेनियात बायबलचे जुना आणि नवा असे दोन्ही करार ईश्वरप्रेरित असल्याचे कबूल करावे लागे, त्यामुळे ज्यू बाद होत. उत्तर कॅरोलायनात प्रोटेस्टंट धर्माचे सत्य नाकारणाऱ्याला पद मिळत नसे. अशा राज्यांचे प्रतिनिधी देशाची घटना लिहिण्यासाठी फिलाडेल्फियात एकत्र बसलेले असताना दक्षिण कॅरोलायनाच्या चार्ल्स पिंकनी यांनी धर्माची अट नको असा प्रस्ताव मांडला. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन यांना ही तरतूद अनावश्यक वाटली, कारण लोकांमधील उदारमतवाद पुरेसा आहे असे त्यांचे म्हणणे होते. ती लिहून ठेवली गेली हे बरे झाले. पुढच्या दीडशे वर्षांत तो उदारमतवाद वारंवार अपुरा पडला.

घटनेला राज्यांची मान्यता घेण्याची वेळ आली तेव्हा उत्तर कॅरोलायनाच्या १७८८ च्या अधिवेशनात या तरतुदीवर जोरदार चर्चा झाली. अट नसेल तर मूर्तिपूजक, मुसलमान किंवा देवच न मानणारे लोक पदांवर येतील, अशी भीती तिथे उघडपणे बोलून दाखवली गेली. तिला उत्तर दिले जेम्स आयर्डेल यांनी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण एवढे भांडतो ते तत्त्व न मोडता कोणत्याही एका गटाला बाहेर कसे ठेवता येईल, असा त्यांचा सवाल होता. पण त्याच भाषणात त्यांनी सभागृहाला धीरही दिला: ज्यांना धर्मच नाही किंवा ज्यांचा धर्म आपल्यापेक्षा अगदी वेगळा आहे, अशांच्या हाती अमेरिकेतील जनता आपले हक्क सोपवील असे समजण्याचे कारण नाही. मला हे भाषण फार महत्त्वाचे वाटते, कारण तत्त्वाचा सर्वांत स्वच्छ युक्तिवाद आणि त्या तत्त्वाचा प्रत्यक्ष लाभ कोणाला होणार नाही याचा अंदाज, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून एकाच वेळी आले आहेत.

दुसरी मर्यादा अशी, की ही तरतूद संघराज्याच्या पदांपुरती होती. राज्यांनी आपापल्या अटी कायम ठेवल्या. मेरीलँडमध्ये पदासाठी ख्रिस्ती श्रद्धेचे जाहीर कथन आवश्यक होते, त्यामुळे एखादा ज्यू नागरिक देशाचा अध्यक्ष होऊ शकत होता पण बाल्टिमोरचा नगरसेवक होऊ शकत नव्हता. ही विसंगती तेथील विधिमंडळाचे सदस्य टॉमस केनेडी यांनी १८१८ पासून लावून धरली. ते स्वतः ख्रिस्ती होते आणि त्यांच्या मतदारसंघात ज्यू जवळपास नव्हतेच. म्हणजे या लढ्यातून त्यांना एकही मत मिळण्यासारखे नव्हते. उलट १८२३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी ‘ख्रिस्ती उमेदवारांना मत द्या’ असा प्रचार करून त्यांना पाडले. केनेडी पुन्हा निवडून आले आणि १८२६ मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या नगर परिषदेवर सॉलोमन एटिंग आणि जेकब कोहेन हे दोन ज्यू निवडून गेले. नव्या कायद्यातही ज्यूंना मृत्यूनंतर पापपुण्याचा हिशेब होतो यावर विश्वास असल्याचे सांगावे लागत होते, ही गोष्ट त्या विजयाबरोबर लक्षात ठेवावी लागते.

त्याच मेरीलँडमध्ये, १३५ वर्षांनंतर, या प्रश्नाचा कायदेशीर शेवट झाला. रॉय टोर्कासो हे एका कंपनीत हिशेबनीस होते आणि त्यांची नोटरी म्हणून नेमणूक झाली होती. दस्तऐवजांवर सही-शिक्का करणारे हे अगदी साधे पद. मात्र राज्याच्या घटनेनुसार त्यासाठी ईश्वराच्या अस्तित्वावर श्रद्धा असल्याचे जाहीर करायचे होते. टोर्कासो नास्तिक होते, त्यांनी नकार दिला, आणि नेमणुकीचे पत्र त्यांच्या हाती पडले नाही. राज्यातील न्यायालयाचे म्हणणे असे होते, की नोटरी व्हा अशी सक्ती कोणी केलेली नाही, तेव्हा श्रद्धेची सक्ती झाली असे म्हणता येत नाही. वरवर पाहता हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे उत्तर नीट वाचावे असे आहे. पद स्वीकारण्याची सक्ती नाही हे खरे, पण म्हणून घटनेने निषिद्ध ठरवलेला निकष लावून एखाद्याला पदापासून दूर ठेवण्याची मोकळीक सरकारला मिळत नाही, असे त्यांनी लिहिले. १९६१ चा हा निकाल एकमताचा होता. तो सहाव्या कलमावर नव्हे, तर पहिल्या घटनादुरुस्तीवर आधारलेला आहे. चौदाव्या दुरुस्तीमुळे ती राज्यांनाही लागू होते. त्या दिवसापासून नोटरीपासून राज्यपालापर्यंत कोणत्याही पदासाठी धर्माची अट चालत नाही.

असे असूनही मेरीलँड, टेक्सास, टेनेसी, आर्कान्सा, मिसिसिपी आणि दोन्ही कॅरोलायना या राज्यांच्या घटनांत ईश्वरावरील श्रद्धेची अट आजही छापलेली आढळते. ती मृत आहे, पण अधूनमधून तिची आठवण करून दिली जाते. २००९ मध्ये उत्तर कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिलच्या नगर परिषदेवर सेसिल बॉथवेल हे नास्तिक निवडून आले, तेव्हा विरोधकांनी याच मजकुरावर बोट ठेवून त्यांच्या पात्रतेवर आक्षेप घेतला होता. टेनेसीत याच्या उलट दिशेचीही एक अट होती: धर्मोपदेशकाने विधिमंडळात बसायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तीही रद्द केली. श्रद्धा नसल्याबद्दल जशी शिक्षा नको, तशी श्रद्धेला वाहून घेतल्याबद्दलही नको.

आता शपथेचा विषय, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. नवे प्रतिनिधिगृह, म्हणजे अमेरिकी संसदेचे कनिष्ठ सभागृह, जानेवारीच्या आरंभी भरते तेव्हा सर्व सदस्य सभागृहात उभे राहून उजवा हात वर करतात आणि सभापती त्यांना एकत्रच शपथ देतात. या अधिकृत शपथेसाठी कोणताही ग्रंथ लागत नाही. हातात ग्रंथ घेतलेली जी छायाचित्रे आपण पाहतो, ती नंतर सभापतींसोबत स्वतंत्रपणे काढलेली असतात. आपल्याकडे ईश्वरसाक्ष शपथ घेणे किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करणे असे दोन पर्याय आहेत, तसेच तिथेही आहेत, आणि तेही १७८७ पासून. शपथ वाहणे हेच धर्माविरुद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथीयांची सोय त्यामागे होती. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी १८२५ मध्ये अध्यक्षपदाची शपथ कायद्याच्या ग्रंथावर घेतली होती आणि १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बायबलविनाच घेतली होती.

हे सर्व ठाऊक असते तर २००६ चा वाद उभाच राहिला नसता. मिनेसोटातून कीथ एलिसन हे काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेले पहिले मुसलमान ठरले आणि छायाचित्राच्या वेळी आपण कुराण वापरणार असे त्यांनी सांगितले. व्हर्जिनियाचे खासदार व्हर्जिल गूड यांनी मतदारांना पत्र लिहून इशारा दिला, की स्थलांतराचे नियम कडक केले नाहीत तर आणखी मुसलमान निवडून येतील. एलिसन यांचा जन्म डेट्रॉइटचा. ते कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि त्यांचे पूर्वज देश स्वतंत्र होण्याच्या आधीपासून तिथे राहत होते. एलिसन यांनी पत्राला पत्राने उत्तर दिले नाही. काँग्रेसच्या ग्रंथालयात टॉमस जेफरसन यांच्या मालकीची कुराणाची प्रत आहे. जॉर्ज सेल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर, १७६४ मध्ये लंडनला छापलेले, दोन खंडांचे. जेफरसन यांनी ते १७६५ मध्ये, कायद्याचा अभ्यास करत असताना विकत घेतले होते. जानेवारी २००७ मध्ये एलिसन यांनी त्याच प्रतीवर हात ठेवला. जेफरसन यांचे घर गूड यांच्याच मतदारसंघात येत होते.

त्यानंतर २०१३ मध्ये हवाईच्या तुलसी गॅबर्ड या काँग्रेसमधील पहिल्या हिंदू सदस्याने भगवद्‌गीतेवर शपथ घेतली. (त्या भारतीय वंशाच्या नाहीत, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते.) २०१९ मध्ये तर सभागृहाचा नियमच बदलावा लागला. सदस्यांनी डोक्यावर काही घालायचे नाही हा नियम १८३७ चा होता आणि तो टोप्यांसाठी केलेला होता. पण हिजाब घालणाऱ्या इल्हान ओमर मिनेसोटातून निवडून आल्या आणि तो नियम त्यांना दारातच अडवणारा ठरला असता. धार्मिक कारणासाठी डोके झाकण्यास मुभा देणारी दुरुस्ती झाली. धर्माचे नावही न घेणारा नियम एखाद्याच धर्माच्या माणसाला कसा अडवतो, याचे हे उदाहरण आहे.

याच प्रकारची, पण कितीतरी कठोर अडचण दलीप सिंग सौंद यांच्या वाट्याला आली. पंजाबात १८९९ मध्ये जन्मलेले सौंद १९२० मध्ये अमेरिकेत गेले, कॅलिफोर्निया विद्यापीठातून गणितात पीएचडी झाले आणि इम्पीरियल व्हॅलीत शेती करू लागले. घटनेनुसार शीख असणे ही अपात्रता नव्हती. मात्र १७९० पासून नागरिकत्व गोऱ्या व्यक्तींना मिळत असे, पुढे त्यात कृष्णवर्णीयांची भर पडली, आणि भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवले. जो नागरिकच होऊ शकत नाही त्याला धर्माची अट नसल्याचा काय उपयोग? सौंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायदा बदलण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. तो १९४६ मध्ये बदलला आणि १९४९ मध्ये ते नागरिक झाले. १९५० मध्ये वेस्टमोरलंड गावी स्थानिक न्यायाधीशाच्या पदावर ते निवडून आले, तर नागरिकत्वाला एक वर्ष पूर्ण झाले नाही म्हणून ते पद नाकारले गेले. पुढच्या खेपेस त्यांनी ते पुन्हा जिंकले. १९५६ मध्ये विख्यात वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांचा पराभव करून ते प्रतिनिधिगृहात पोहोचले. आशियाई वंशाचे ते पहिले खासदार, आणि काँग्रेसवर गेलेले आजवरचे एकमेव शीख.

दार उघडे असूनही आत गेलेल्याला पुन्हा बाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. रीड स्मूट हे मॉर्मन या अमेरिकेत उदयाला आलेल्या पंथाच्या चर्चच्या सर्वोच्च मंडळापैकी एक. १९०३ मध्ये युटाह राज्याने त्यांना सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर पाठवले. त्यांच्या चर्चने बहुपत्नीत्व १८९० मध्ये अधिकृतपणे सोडले होते आणि स्मूट यांना स्वतःला एकच पत्नी होती, तरी त्यांची निष्ठा देशाशी की चर्चशी, या प्रश्नावर सिनेटच्या समितीने प्रदीर्घ सुनावणी चालवली. साक्षीपुराव्यांचा कागद तीन हजार पानांच्या वर गेला. १९०७ मध्ये सिनेटने त्यांची जागा कायम ठेवली आणि ते १९३३ पर्यंत तिथे बसले. निष्ठा कोणाशी, हाच प्रश्न १९२८ मध्ये अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार अल स्मिथ यांना विचारला गेला आणि ते हरले. जॉन केनेडी यांनाही तोच विचारला गेला, तेव्हा १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत जाऊन त्यांनी चर्च आणि शासन पूर्णपणे वेगळे असले पाहिजे, असे ठामपणे सांगितले. आज सर्वोच्च न्यायालयातील बहुसंख्य न्यायमूर्ती कॅथलिक आहेत. प्रश्न मात्र संपलेला नाही: २०१७ मध्ये एमी कोनी बॅरेट यांच्या अपील न्यायालयावरील नेमणुकीच्या सुनावणीत सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी त्यांच्या श्रद्धेच्या प्रभावाविषयी केलेले वक्तव्य म्हणजे मागच्या दाराने लावलेली धर्माची अट आहे, अशी टीका झाली. न्यायाधीश आपल्या श्रद्धेविरुद्ध जाणारा कायदा राबवील का, हे विचारणे मला रास्त वाटते; श्रद्धा किती गाढ आहे हे मोजू पाहणे नाही. ही रेषा आखणारे न्यायालय नाही, ती सिनेटर्सनी स्वतःच पाळायची असते.

प्रतिनिधित्वाची मोजदाद हाही तिथे सरळ प्रश्न नाही. भारतात विचारतात तसा तिथल्या जनगणनेत धर्म विचारला जात नाही; १९७६ च्या कायद्याने या माहितीची सक्ती करण्यास मनाई आहे, म्हणून धर्मवार आकडे खासगी संस्थांच्या सर्वेक्षणांतून मिळतात. १९६५ चा मतदान हक्क कायदा वंशाच्या आणि पुढे भाषेच्या अल्पसंख्याकांना संरक्षण देतो, धर्माच्या नाही. धर्मगटाच्या वस्तीबरहुकूम सीमा आखणे तर न्यायालयाला मान्यच नाही: न्यूयॉर्क राज्याने किर्यास जोएल या सनातनी ज्यू गावाच्या सीमेत नेमका बसेल असा स्वतंत्र शाळा-जिल्हा निर्माण केला, तो १९९४ मध्ये रद्द झाला. परिणामी लहान धर्मगटाच्या उमेदवाराला बहुतेक वेळा परक्या धर्माच्या मतदारांच्याच बळावर निवडून यावे लागते.

श्री ठाणेदार यांचे उदाहरण या दृष्टीने जवळून पाहावे असे आहे. बेळगावात वाढलेले, मराठी मातृभाषेचे ठाणेदार १९७९ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात पीएचडी झाले, उद्योजक झाले आणि २०२२ मध्ये मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून निवडून आले. या मतदारसंघाचा गाभा डेट्रॉइट शहर आहे आणि तिथे हिंदूंची संख्या नगण्य. डेमोक्रॅटिक पक्षाचे तिथे एवढे प्राबल्य आहे, की खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीतच होते. त्या लढतीत नऊ उमेदवार होते, कृष्णवर्णीय मते अनेकांत विभागली गेली, आणि तीस टक्क्यांहून कमी मते मिळवून ठाणेदार जिंकले. प्रचारात त्यांनी स्वतःचा मोठा पैसा ओतला होता. हिंदू समाजाला एक प्रतिनिधी मिळाला, पण डेट्रॉइटला १९५० च्या दशकानंतर प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही आणि त्याची खंत तेथील लोकांनी उघडपणे बोलून दाखवली. मराठी माणूस तिथे पोहोचल्याचा आनंद आपल्याला होणे स्वाभाविक आहे, पण त्या शहराची खंतही तितकीच समजून घ्यायला हवी.

डेट्रॉइटच्या कुशीतील हॅमट्रॅम्क या छोट्या शहराने दुसरी बाजू दाखवली. एकेकाळी पोलिश कॅथलिकांचे असलेले हे शहर येमेन आणि बांगलादेशातून आलेल्या कुटुंबांमुळे बदलत गेले आणि २०२२ च्या आरंभी महापौरासह सगळी नगर परिषद मुसलमानांची झाली. पुढच्या वर्षी परिषदेने सार्वजनिक जागांवर धार्मिक, वांशिक, राजकीय आणि लैंगिक ओळखीचे ध्वज लावण्यास मनाई केली. समलिंगी समुदायाचा ध्वज तेथून उतरवण्यासाठीच हा ठराव झाला असे मानून, परिषदेच्या निवडीचे स्वागत करणारे अनेक शेजारी दुखावले. अल्पसंख्याक सत्तेत आले म्हणजे त्यांची मते बहुसंख्याकांच्या सोयीची असतील, असे गृहीत धरता येत नाही. पहिली घटनादुरुस्ती त्यांनाही तेवढीच बांधते.

प्यू संशोधन संस्थेच्या माहितीनुसार जानेवारी २०२५ मध्ये भरलेल्या काँग्रेसमध्ये सुमारे ८७ टक्के सदस्य ख्रिस्ती होते. प्रौढ लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्यू सदस्य ३२, मुसलमान ४, बौद्ध ३. हिंदूही ४: रो खन्ना, राजा कृष्णमूर्ती, श्री ठाणेदार आणि सुहास सुब्रमण्यम. लोकसंख्येत हिंदू आणि मुसलमान प्रत्येकी साधारण एक टक्का आहेत हे पाहता त्यांची तूट वाटते तितकी मोठी नाही, आणि ज्यू तर आपल्या प्रमाणाहून अधिक आहेत. खरी दरी कुठल्याच धर्माचे नाव न सांगणाऱ्यांच्या बाबतीत आहे. असे लोक प्रौढांमध्ये एक चतुर्थांशाहून अधिक आहेत. काँग्रेसमध्ये मात्र आपण मानवतावादी असल्याचे सांगणारे जॅरेड हफमन आणि कोणत्याही धर्माशी संबंध नसल्याचे सांगणाऱ्या यास्समिन अन्सारी यांच्यासारखे मोजकेच. आपण परमेश्वर मानत नाही असे जाहीरपणे सांगणारे पहिले खासदार पीट स्टार्क यांनी ते २००७ मध्ये सांगितले, तेव्हा ते गेली तीन दशके निवडून येत होते. गॅलप संस्थेच्या २०१९ च्या चाचणीत ९५ टक्के लोकांनी कॅथलिक, ९३ टक्के लोकांनी ज्यू आणि ६६ टक्के लोकांनी मुसलमान व्यक्तीला अध्यक्षपदासाठी मत देण्याची तयारी दाखवली; नास्तिकासाठी हा आकडा ६० होता. टोर्कासो यांना नोटरीचे पद न्यायालयाने मिळवून दिले, पण हे मत कोणत्याही न्यायालयाला मिळवून देता येत नाही. ते मागायला एकेका उमेदवाराला उघडपणे उभे राहावे लागते, आणि अशा उमेदवारांची संख्या अजून फार थोडी आहे.